जिवाणू खरे, हिशेब खोटा



हरिहरेश्वरपासून रेवसपर्यंत रायगडच्या खाड्यांकाठी कोळंबीची शेती करणाऱ्याच्या तळ्याचे पाणी बिघडले, तर सल्ला विचारायला त्याच्यासमोर एकच माणूस उभा असतो. तो म्हणजे खाद्य, बीज आणि 'औषध' उधारीवर देणारा व्यापारी. त्याचे उत्तरही एकच असते : जिवाणू टाका. पाण्याला वास आला, जिवाणू टाका. कोळंबी काठाला लागली, जिवाणू टाका. खाद्य खात नाही, विष्ठा पांढरी दिसते, पहाटे वर येऊन तरंगते, तर दुप्पट जिवाणू टाका. पीक आले तर ते पाकिटामुळे आले. पीक बुडाले तर शेतकऱ्याने पाकीट उशिरा टाकले. या खेळात हरणारा आधीच ठरलेला आहे.

आमचे म्हणणे नीट समजून घ्यावे. उपकारक जिवाणू ही थाप नाही. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे आहोत. डाळीच्या मुळांवरच्या गाठी कापून दाखवत आम्ही गावोगाव हिंडलो आहोत. जिवाणूवाचून माती नाही आणि तळेही नाही. आमचा झगडा जिवाणूशी नाही, त्याच्या नावाने शेतकऱ्याच्या खिशात घातलेल्या हाताशी आहे. ज्याला हा हात ओळखायचा आहे त्याने आधी तळ्याचे गणित शिकले पाहिजे. ते अवघड नाही. खताच्या गोणीचा हिशेब ज्याला येतो त्याला हेही येते.

तळ्यात किती युरिया पडतो?

एक टन व्हॅनामी कोळंबी काढायला सर्वसाधारण दीड टन खाद्य लागते. खाद्यात ३५ टक्के प्रथिने धरली तर ती झाली ५२५ किलो. प्रथिनात १६ टक्के नत्र असते, म्हणजे तळ्यात ८४ किलो नत्र गेले. एक टन कोळंबी बाहेर काढली तेव्हा तिच्या अंगातून साधारण २८ किलो नत्र बाहेर आले. उरलेले ५५ किलोच्या वर नत्र कुठे गेले? ते पाण्यात आणि तळाच्या चिखलात राहिले. ५५ किलो नत्र म्हणजे १२० किलो युरिया. आजच्या ४५ किलोच्या गोणीच्या हिशेबाने एक टन कोळंबीमागे अडीच गोण्यांहून जास्त.

हेक्टरी पाच टन उत्पादन घेणाऱ्याच्या तळ्यात चार महिन्यांत पावणेतीनशे किलो नत्र साचते. सुधारित भाताला आपण हेक्टरी १०० किलो नत्र देतो, तेही तीन हप्त्यांत. शेजाऱ्याने भाताला एवढा युरिया टाकला असता तर गाव त्याला वेडा म्हणाले असते. तळ्यात मात्र तो खाद्याच्या रूपाने पडतो, म्हणून दिसत नाही.

हे नत्र प्रथम अमोनियाच्या रूपात पाण्यात उतरते. अमोनिया किती विषारी ठरेल ते पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. २८ अंश तापमानाला सामू ८ असेल तर एकूण अमोनियापैकी सहा-सात टक्के विषारी मुक्त रूपात असतो. सामू ९ झाला की तोच वाटा चाळीस टक्क्यांच्या घरात जातो. खाऱ्या पाण्यात आकडे किंचित कमी येतात, पण चढ तोच. म्हणून पाणी गर्द हिरवे झालेल्या तळ्यात दुपारी सामू चढतो तेव्हा कोळंबी बेचैन होते. अमोनिया वाढला नसतो, त्याचे विष वाढलेले असते. हे सांगायला पाकीट लागत नाही. सामू मोजणारी पट्टी आणि रोजची वही लागते.

कोणता जिवाणू काय करतो

निसर्गात हे नत्र पचवणारे जिवाणू आहेत. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते १८९० च्या सुमारास ओळखले. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो. पहिल्यात नायट्रोसोमोनास, दुसऱ्यात नायट्रोबॅक्टर ही नावे आपण पाकिटावर वाचतो. हे जिवाणू फुकट राबत नाहीत. एक किलो अमोनियातले नत्र पालटायला त्यांना साडेचार किलोहून जास्त प्राणवायू लागतो आणि पाण्यातली सात किलो चुनखडीएवढी अल्कता खर्ची पडते. वर सांगितलेल्या ५५ किलोपैकी निम्मे नत्र जरी त्यांनी पचवले, तरी टनामागे सव्वाशे किलो प्राणवायू आणि जवळजवळ दोन क्विंटल चुनखडीएवढी अल्कता गेली. ती कोण भरून देणार? पाकीट देणार नाही. एरेटर आणि चुना देणार.

दुसरा गट बॅसिलसचा. हे तळातली घाण, उरलेले खाद्य, विष्ठा, मेलेले शेवाळ कुजवतात. शिवाय व्हायब्रिओ या रोगकारक जिवाणूंशी जागेसाठी आणि अन्नासाठी झुंजतात. १९९८ मध्ये मोरिआर्टी या संशोधकाने इंडोनेशियातल्या तळ्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. निवडक बॅसिलस वापरलेल्या तळ्यांत चमकणारा व्हायब्रिओ दबला आणि कोळंबी तगली. हे काम खरे आहे, आम्ही ते नाकारत नाही. पण घाण कुजवायलाही प्राणवायू लागतो. रात्री एरेटर बंद असलेल्या तळ्यात बॅसिलस टाकला तर तो कोळंबीच्याच वाट्याचा प्राणवायू खाणार.

याच शास्त्राची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाचे क्लॉड बॉइड यांनी तळ्याच्या पाण्यावर सारे आयुष्य काम केले. त्यांचा निष्कर्ष असा की बाहेरून जिवाणू टाकल्याने तळ्याच्या पाण्यात किंवा मातीत मोजता येईल अशी सुधारणा खात्रीने होते असे प्रयोगांत दिसत नाही. म्हणजे कुठे लागू पडते, कुठे पडत नाही. कोणता वाण, किती प्रमाणात, कोणत्या पाण्यात, यावर सारे अवलंबून आहे. नेमके तेच पाकिटावर लिहिलेले नसते.

आता पाकिटावरची नावे पुन्हा वाचा. बॅसिलस बीजाणू बनवतो. तो कोरड्या भुकटीत महिनोन्‌महिने तग धरतो. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर बीजाणू बनवीत नाहीत, आणि त्यांची दुप्पट व्हायला दिवसाच्या मापात वेळ लागतो. वैशाखाच्या उन्हात पत्र्याच्या दुकानात चार महिने पडलेल्या कोरड्या पाकिटात हे दोघे जिवंत आहेत असे कोणी म्हणत असेल, तर त्याने ते मोजून दाखवावे. मोजून दाखवीपर्यंत आम्ही ती नावे शोभेची समजतो.

एका पाकिटाचे वजन किती?

पाकिटावर 'एका ग्रॅममध्ये १०० कोटी जिवाणू' असे मोठ्या अक्षरात छापलेले असते. आकडा ऐकून माणूस दिपतो. तो खरा धरूनच हिशेब करू.

एक हेक्टर तळे, पाणी सव्वा मीटरच्या आतबाहेर, म्हणजे सुमारे १२ हजार घनमीटर, १ कोटी २० लाख लिटर. त्यात एक किलोचे पाकीट टाकले. एक किलोत झाले एक लाख कोटी जिवाणू. तळ्याच्या पाण्यात वाटले तर एका मिलिलिटरला आले ८३. आणि त्या मिलिलिटरमध्ये आधीच किती जिवाणू असतात? खत-खाद्य पडलेल्या तळ्यात दहा लाख आणि त्याहून अधिक. म्हणजे बारा हजारांच्या जत्रेत आपण एक पाहुणा सोडला. तो पाहुणा तेथे टिकेल का, वाढेल का, हे तळ्यातले अन्न, प्राणवायू, सामू आणि अल्कता ठरवते. परिस्थिती त्याच्या बाजूची असेल तर त्याचे भाऊबंद भरतीच्या पाण्याबरोबर आणि तळाच्या मातीतून आधीच आलेले असतात. परिस्थिती उलट असेल तर दहा पाकिटांनीही ती पालटत नाही.

रायझोबियमची गोष्ट वेगळी का, असे कोणी विचारील. कारण रायझोबियम आपण शेतभर फेकत नाही. बियाण्याला चोळतो. मूळ फुटते तेथेच तो असतो, आणि नव्या जमिनीत त्याच्या जोडीला स्पर्धक कमी असतात. कोळंबीच्या बाबतीत याला जवळचे काम म्हणजे बीजनिर्मिती केंद्रातली लहान टाकी, किंवा खाद्याला चोळून पोटात दिलेला जिवाणू. तेथे फायदा होण्याची शक्यता जास्त, हे पटण्यासारखे आहे. पण लहान टाकीत मिळालेला गुण मोठ्या तळ्याच्या नावावर विकायचा, हा व्यापार झाला. शास्त्र नव्हे.

गुळाच्या पाण्याचेही तसेच. साखर देऊन जिवाणूंकडून अमोनिया खाऊन घ्यायचा, हे तत्त्व इस्रायलच्या अवनिमेलेख यांनी १९९९ मध्ये हिशेबासह मांडले. एक किलो अमोनियातले नत्र बांधायला सुमारे वीस किलो साखर किंवा पिष्ट लागते. दहा किलो नत्रासाठी दोन क्विंटल. वर रात्रंदिवस जोराची हवा. पिंपात दोन किलो गूळ आंबवून हेक्टरभर तळ्यात शिंपडणाऱ्याने यातून अमोनिया उतरेल अशी आशा धरू नये.

आणि आता उलटा हिशेब बघा. ज्याला टनामागे दीड टनाऐवजी एक टन आठशे किलो खाद्य लागते, तो ३०० किलो जास्तीचे खाद्य, म्हणजे जवळजवळ १७ किलो जास्तीचे नत्र तळ्यात टाकतो. चेक ट्रे रोज बघून, उरलेल्या खाद्याप्रमाणे दुसऱ्या दिवशीचे माप कमी करून हे नत्र टाळता येते. यात पाकिटाचा खर्च नाही, उलट ३०० किलो खाद्याचे पैसे वाचतात. हा सल्ला दुकानातून का मिळत नाही, हे सांगायला नको. खाद्य त्याच दुकानातून विकले जाते.

एका बिलात मारणारे आणि तारणारे

गेल्या हंगामाचे आपले बिल काढून बघा. त्यात ब्लीचिंग आहे, आयोडीन आहे, बीकेसी आहे. ही सगळी जिवाणू मारणारी औषधे. त्याच बिलात, कधी त्याच आठवड्यात, जिवाणू वाढवणारी पाकिटे आहेत. सोमवारी मारायचे आणि गुरुवारी पेरायचे! शेतात तणनाशक मारून तिसऱ्या दिवशी त्याच वाफ्यात भाताचे बी टाकायला सांगणाऱ्याला आपण बांधावर उभे केले नसते. तळ्याकाठी मात्र त्याला आपण डॉक्टर म्हणतो.

पाणी तपासतो तोच, औषध विकतो तोच. बशीत हिरवे ठिपके आले म्हणून एक औषध, पिवळे आले म्हणून दुसरे. ठिपके मोजणाऱ्याचे पोट जर औषधाच्या विक्रीवर असेल तर निकाल काय लागणार?

ही उधारीची साखळी कोकणाला नवी नाही. बी त्याचे, खाद्य त्याचे, औषध त्याचे, आणि तयार मालही त्यालाच, तो ठरवील त्या काऊंटला, तो ठरवील त्या भावाने. जमीन, वीजबिल आणि जोखीम तेवढी आपली. आपल्याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे संप केला तो असल्याच वाटणीविरुद्ध. जमीन पिकवूनही हिशेब दुसऱ्याच्या वहीत राहतो, हे त्यांना मान्य नव्हते. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. वही मात्र अजून दुसऱ्याच्याच हातात आहे.

त्यात भाव आपल्या हातात नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले तेव्हा त्याचा धक्का तळ्याच्या बांधापर्यंत आला. युरोपने २०१६ पासून आपल्या कोळंबीच्या निम्म्या खेपा तपासायला घेतल्या, त्या प्रतिजैविकांच्या अंशामुळे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना तळ्यात बंदी आहे हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण 'जिवाणू' म्हणून घेतलेल्या पाकिटातच असे काही मिसळलेले निघाले तर माल कोणाचा नाकारला जाईल? शेतकऱ्याचा. म्हणूनच चेन्नईचे किनारी जलकृषी प्राधिकरण अशा निविष्ठांना प्रतिजैविकमुक्त असल्याचे प्रमाणपत्र देते. ज्या पाकिटावर ते नाही ते हातात धरू नये. पण प्रमाणपत्र असले तरी त्याचा अर्थ एवढाच की त्यात नको ते नाही. हवे ते, म्हणजे जिवंत जिवाणू, किती आहेत, हे त्यावरून कळत नाही.

शेताला एक कायदा, तळ्याला दुसरा

रायझोबियमचे पाकीट विकायचे तर खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. २००६ मध्ये जैविक खते त्यात आली. भुकटीतल्या रायझोबियमच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असलेच पाहिजेत, पाकिटावर मुदत छापलीच पाहिजे, निरीक्षक नमुना घेऊ शकतो, नमुना नापास झाला तर विकणाऱ्यावर खटला होतो. अंमलबजावणी कशी चालते ते आम्हाला माहीत आहे, पण निदान कायदा तरी आहे. भांडायला जागा आहे.

तळ्याच्या पाकिटासाठी आपल्या तालुक्यात भांडायला जागा कुठे? २००५ च्या किनारी जलकृषी प्राधिकरण कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. निविष्ठांची मानके ठरवायची आणि त्यांवर नजर ठेवायची ताकद प्राधिकरणाच्या हातात आहे. मग ती ताकद चेन्नईहून श्रीवर्धनच्या दुकानापर्यंत का चालत येत नाही? आंध्र प्रदेशाने २०२० मध्ये मत्स्यखाद्याच्या गुणवत्तेसाठी स्वतंत्र कायदा केला. आमच्या राज्यकर्त्यांनी तो वाचावा.

आणि आता तर निमित्तही नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. फार चांगले केले. पण कृषीचा दर्जा म्हणजे केवळ कर्ज आणि विजेचा दर नव्हे. कृषी निविष्ठा विकणाऱ्याला परवाना लागतो, साठ्याची नोंद लागते, पक्के बिल द्यावे लागते, नमुना द्यावा लागतो. हाही दर्जाचाच भाग आहे. सवलत शेतीची आणि लूट मोकाट, असा दर्जा आम्हाला नको.

पाणी एकट्याचे नसते

समजा पाकीट खरे निघाले, शेतकरी हुशार निघाला, तळे चकचकीत राहिले. तरी पाणी येते कोठून? खाडीतून. बाणकोटच्या खाडीत वरून सावित्री येते, आणि सावित्रीच्या काठावर महाडची रासायनिक वसाहत आहे. त्या सांडपाण्याबद्दल खाडीवरचे मच्छीमार वर्षानुवर्षे ओरडत आहेत. रसायनाने नासलेले पाणी पाकिटातल्या बॅसिलसने निवळेल असे सांगणारा कोणी असेल, तर त्याने ते आधी स्वतःच्या घरच्या हौदात करून दाखवावे.

आणि आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. पीक काढल्यावर तळातला काळा चिखल ओहोटीला सोडून देणारे आपल्यातच आहेत. वरच्या उघाडीतून सोडलेला रोग पुढच्या भरतीला खालच्या उघाडीतून आत येतो. १९९४-९५ मध्ये पूर्व किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू असाच तळ्यातून तळ्यात गेला आणि टायगर कोळंबीचे गावेच्या गावे पीक बसले. आजचा ईएचपी तळाच्या मातीत बीजाणू टाकून राहतो. त्याच्यावर खात्रीचे औषध नाही. तळ सुकवणे, चिखल काढणे, चुना देणे आणि तपासलेले बीज आणणे, एवढाच मार्ग आहे.

भातवाल्याचे गाऱ्हाणेही ऐकले पाहिजे. तळ्याचे खारे पाणी झिरपून बांधापलीकडचे शेत आणि विहीर खारी होते, हे त्याचे म्हणणे खरे आहे. तामिळनाडूतले सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले ते याच गाऱ्हाण्याने. नागपूरच्या नीरी संस्थेने पाहणी केली आणि ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने किनारपट्टीवरच्या पारंपरिक नसलेल्या तळ्यांवर कडक निर्बंध घातले. पुढे कायद्याने ती वाट मोकळी केली. व्हॅनामीला २००९ मध्ये परवानगी देताना चौरस मीटरला ६० पेक्षा जास्त बीज सोडू नये, सांडपाणी प्रक्रिया केल्याखेरीज बाहेर सोडू नये, अशा अटी घातल्या गेल्या. या अटी आपल्याला जाच वाटतात. पण खाडी एक आहे, तोवर त्या आपल्याच संरक्षणाच्या आहेत.

अलिबागच्या खारेपाटात बांध सांभाळण्याची जुनी रीत होती. तिला जोळ म्हणत. उधाणाने बांधाला खांड पडले की ज्याचे शेत त्याने पाहावे, असे नव्हते. साऱ्या खारातली माणसे येत, कारण पाणी आत आले तर सगळ्यांचेच भात जाणार. तळ्यांना आज त्याच जोळीची गरज आहे. आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या मोगलतुरू येथे २००२ पासून शेतकऱ्यांनी गट करून बीज एकत्र तपासून आणले, एकाच वेळी सोडले, कोणाच्या तळ्यात रोग आला ते लपवले नाही आणि ते पाणी सर्वांना सांगितल्याशिवाय सोडले नाही. रोगाचा मार कमी झाला. त्यातूनच २००७ मध्ये केंद्राने लहान मत्स्यशेतकऱ्यांच्या गटांसाठी स्वतंत्र संस्था उभी केली. आंध्रातल्या शेतकऱ्याला जे जमले ते आपल्याला जमणार नाही असे मानायला आम्ही तयार नाही. जोळ तर आपलीच आहे.

आक्षेप आणि उत्तर

काही मित्र म्हणतील, शेजाऱ्याने पाकीट टाकले आणि त्याचे पीक आले, तुम्ही पुस्तकी बोलता. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे : शेजाऱ्याने पाकीट न टाकलेले दुसरे तळे कोठे आहे? तुलनेचा वाफा नसलेल्या प्रयोगाला कृषी महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलालाही गुण मिळत नाहीत. एकाच बीजाची, एकाच खाद्याची, एकाच एरेटरची दोन तळी घ्या. एकात पाकीट, एकात नाही. दोन हंगाम वही ठेवा. फायदा निघाला तर पाकिटाचा प्रचार आम्ही स्वतः करू, फुकट करू.

कोणी म्हणेल, मग उपाय काय? उपाय महाग आहे आणि तो विजेचा आहे. चारशे-पाचशे किलो कोळंबीमागे एक अश्वशक्तीचा एरेटर हवा. पाच टनाला दहा अश्वशक्ती. प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, आणि ढगाळ रात्रीनंतर तर धोक्याच्या खाली जातो. नेमक्या त्याच वेळी वीज गेली की जिवाणू आणि कोळंबी दोघेही गुदमरतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन तालुक्यातली गावे कित्येक दिवस अंधारात होती, हे कोणी विसरलेले नाही. वादळ रोज येत नाही. पण पहाटेची वीज अधूनमधून जातेच.

जिल्हा बैठकीपुढे ठराव

१. तळ्यात टाकायच्या प्रत्येक जिवाणू पाकिटावर वाणाचे नाव, मुदत संपतेवेळी शिल्लक राहणारी जिवंत संख्या, बनवल्याची तारीख आणि साठवणुकीचे तापमान मराठीत छापणे सक्तीचे करावे. जैविक खतांप्रमाणे नमुना घेण्याचा आणि खटला भरण्याचा अधिकार जिल्ह्यात द्यावा.

२. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय येथे शेतकऱ्याने आणलेले पाकीट नाममात्र शुल्कात तपासून मिळावे. बॅसिलसची मोजणी अवघड नाही. नमुना ८० अंशाला दहा मिनिटे तापवला की बीजाणूच उरतात, मग ते मोजायचे. हे काम कोणतीही सूक्ष्मजीव प्रयोगशाळा करू शकते. निकाल जाहीर लावावेत.

३. रायगड जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या तळ्यांवर तुलनेच्या तळ्यासह दोन हंगामांच्या चाचण्या सरकारी खर्चाने घ्याव्यात.

४. कृषी दर्जाप्रमाणे विजेचा दर प्रत्यक्ष बिलात दिसावा, आणि तळ्यांच्या वाहिनीला रात्री दहा ते सकाळी सात अखंड वीज मिळावी.

५. महाडपासून हरिहरेश्वरपर्यंत सावित्रीचे आणि खाडीचे पाणी दर महिन्याला तपासून त्याचे आकडे काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावावेत.

सरकारने करायचे ते हे. आपण करायचे तेही लिहून ठेवू. पक्क्या बिलाशिवाय पाकीट घ्यायचे नाही. सामू, अमोनिया, प्राणवायू आणि खाद्य यांची वही रोज लिहायची. खाडीवार जोळ बांधून बीज सोडण्याचे आणि पाणी सोडण्याचे दिवस ठरवायचे. भातवाल्याच्या बांधालगत झिरप्याचा चर काढल्याशिवाय तळे भरायचे नाही. चिखल ओहोटीला सोडायचा नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तळेवाल्याने गेल्या हंगामाची सारी बिले आणि रिकामी पाकिटे पिशवीत घालून आणावीत. आपण ती बैठकीतच मांडू, बेरीज करू, आणि टनामागे पाकिटावर किती, चुन्यावर किती, विजेवर किती हे फळ्यावर लिहू. तो आकडा घेऊनच जिल्हाधिकारी कचेरीवर जायचे आहे. म्हणून रिकाम्या हाताने कोणी येऊ नये.